पाचवी खुंटी

आयुष्यभर मी मुलांचे निबंध तपासले. स्वतःचा एकही लिहिला नाही. चारचौघांत बोलायचा प्रसंग आला की मी मागच्या रांगेत सरकतो. त्यामुळे पन्नाशीला टेकल्यावर असे काही लिहून वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे धाडणे हा माझ्याकडून आगाऊपणाच होतो आहे. वाचकांनी त्याबद्दल मला क्षमा करावी. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या सुमनवहिनी, माझ्या थोरल्या भावाच्या, दादांच्या पत्नी, कोणी नामवंत बाई नव्हत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, वडनेरला शेतीत राबलेल्या. पण माझी एक चूक त्यांनी शेवटपर्यंत स्वतःच्या अंगावर घेतली, आणि त्या गेल्यावर ती सांगायला माझ्याशिवाय दुसरे कोणी उरलेले नाही.

सात आठवडे झाले. हिंगणघाटला मी दहावीच्या वर्गावर होतो. दादांच्या शेजारचा गणपत चपला हातात घेऊन दाराशी उभा राहिला. "मास्तर, थोडं भायेर या जी," एवढेच म्हणाला. व्हरांड्यात आल्यावर त्याने मान खाली घातली. "वहिनी गेल्या. सकायीच." चार दिवसांचा ताप. भाऊजींच्या शाळेत परीक्षा आहे, त्यांना कळवू नका, असे त्यांनीच बजावले होते म्हणे. मी विचारले, "कुंदा?" गणपत म्हणाला, "तिले काय समजते, मास्तर? भितीतल्या खुंट्यांपाशी बसून आहे."

कुंदा ही वहिनींची एकुलती मुलगी. आज सोळा वर्षांची आहे. चार वर्षांची झाली तरी ती हाकेला ओ देत नसे. बहिरी म्हणावी, तर गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी सुरू झाली की घरातून धावत सुटे. म्हशीसाठी भिजवायला काढलेली सरकी ओंजळीने घेई आणि उंबरठ्यावर एकेक बी ओळीने मांडत बसे, तासन् तास. एखादे बी कोणी हलवले, तर भिंतीवर डोके आपटून घेई. माझी आई म्हणे, "इचा बापही उशिराच बोलला. तू काऊन जीव काढतं वं, सुमन?" शेजारणी म्हणत, लाडाने आगाऊ झाली आहे. वहिनी कोणाशी वाद घालत नसत. मला मात्र एकदा म्हणाल्या, "भाऊजी, पोरीले आयकू येते. पण आपण तिच्या गावचेच नाई, असं वागते. मोठ्या डाक्टरले दाखवू ना." मी नेहमीप्रमाणे गप्प राहिलो, तशा हसल्या. "तुमी तरी कुठं बोलता? मास्तर असून घरात तोंड उघडत नाई. तुमची अन् कुंदाची जोडी बराबर जमते!"

शेवटी नागपूरच्या एका बालरोगतज्ज्ञांकडे जायचे ठरले. आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा पोळा नुकताच झाला होता. मुलीची तपासणी होणार, डॉक्टर तिला प्रश्न विचारणार, असे कळले आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. तपासणी म्हणजे परीक्षा आणि परीक्षा म्हणजे तयारी, याहून वेगळे मला काही ठाऊकच नव्हते. महिनाभर दर रविवारी वडनेरला जाऊन मी कुंदाला शिकवले. तुझे नाव काय, गाव कोणते, हे चित्र कशाचे. गुळाचा खडा दाखवून एकच धडा शंभर वेळा घोकून घेतला. वहिनी चुलीपाशी बसून पाहत असत. एकदा न राहवून म्हणाल्या, "भाऊजी, हे कायले? जशी आहे तशीच दाखवाची ना तिले?" मी म्हणालो, "वहिनी, लोकांसमोर पोर फजीत होऊ नये." त्या पुन्हा चुलीकडे वळल्या. शिकलेल्या दिराच्या शब्दापुढे त्या काळी आमच्याकडच्या बायका बोलत नसत.

नागपूरला निघताना वहिनींनी कापूस वेचताना कमरेला बांधायचे आपले हिरवे फडके बरोबर घेतले. त्याच्या टोकाला मूठभर सरकी गाठ मारून बांधली होती. मला वाटले, पोरीला वाटेत खेळायला असावी. दवाखान्यात दाटी होती. आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरांनी चित्रांचा तक्ता पुढ्यात ठेवला आणि हसून विचारले, "बाळ, तुझं नाव काय?" आणि कुंदाने त्यांच्याकडे न पाहता, छताच्या पंख्यावर डोळे लावून, एका दमात सारा धडा म्हटला. "कुंदा, वडनेर, गाय, आंबा, घर, विहीर." विहिरीचे चित्र डॉक्टरांच्या तक्त्यावर नव्हतेच. तो आवाजही तिचा नव्हता. माझाच होता, माझ्या हेलासकट… डॉक्टर खुश झाले. "चांगली हुशार आहे की!" ते लिहू लागले.

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा परक्या पुरुषासमोर त्या आपणहून बोलल्या असतील. "साहेब, हे तिचं बोलनं नोहे. हे भाऊजीनं शिकवलं. मी खाली सरकी टाकतो, मंग पाहा तिच्याकडं." त्यांची बोटे फडक्याच्या गाठीवर होती. आणि मी… मी त्यांचा हात धरला. "वहिनी, दवाखान्यात कचरा कसला करता? होऊ द्या ना आता." बाहेर माणसे ताटकळत होती. डॉक्टर म्हणाले, आईने फार काळजी करू नये, काही मुले उशिरा बोलतात. त्यांनी कागदावर मुलगी व्यवस्थित असल्याचे लिहून दिले. परतीच्या एस.टी.त कुंदा खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत होती आणि मी, काय सांगू, समाधानात होतो. माझी विद्यार्थिनी पास झाली होती. वहिनींच्या मांडीवरच्या फडक्यात सरकीची गाठ तशीच होती.

त्या कागदाने आठ वर्षे खाल्ली. मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिल्यावर पुन्हा कोण नेतो? दादा कागद दाखवून विषय मिटवत. मग वहिनींनी स्वतःच वाट काढली. स्वयंपाकघराच्या भिंतीत सुताराकडून ओळीने पाच खुंट्या ठोकून घेतल्या. पहिलीवर आंघोळीचा पंचा, दुसरीवर फणी, तिसरीवर जेवणाच्या ताटलीची पिशवी, चौथीवर अंथरुणाची चादर. जे काम झाले त्याची वस्तू उलट्या बाजूने टांगायची. कुंदा खुंट्यांकडे पाही आणि आता पुढे काय, हे तिला कळे. डोके आपटणे थांबले. पाचवी खुंटी आईची. हिरवे फडके खुंटीवर नसेल, तर आई शेतात आहे, संध्याकाळी येईल. फडके खुंटीवर असेल, तर आई घरात आहे. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

कुंदा बाराची असताना वर्ध्याला एक शिबिर झाले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी या वेळी सरकी मांडू दिली. अर्धा तास जमिनीवर बसून त्या पाहत राहिल्या. मग ऑटिझम हा शब्द आम्ही प्रथम ऐकला. त्यांनी नागपूरचा जुना कागद वाचला. "लहानपणीच योग्य शिकवण मिळाली असती तर पुष्कळ फरक पडला असता. तेव्हा ही उत्तरं हिच्याकडून कोणी पाठ करून घेतली?" मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागलो. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मीच जी. माहीच चूक झाली." बाहेर आल्यावर मी रडू लागलो, तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. तुमी मास्तर आहा. चार लोकं तुमाले मानते. मले कोण विचारते?" तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. क्षमा मागायचे राहून गेले, ते आता कायमचेच.

ताप आला तेव्हा वहिनी घरात होत्या, म्हणून फडके पाचव्या खुंटीवर होते. ते तसेच आहे. मी दर रविवारी वडनेरला जातो. कुंदा सकाळी उठून खुंटीकडे पाहते. फडके आहे, म्हणजे आई घरात आहे. मग ती माजघरात शोधते, न्हाणीत, गोठ्यात, धान्याच्या कणगीमागे. सापडत नाही. परत येते, फडक्याला हात लावून खात्री करून घेते आणि पुन्हा शोधू लागते… दिवसातून किती वेळा, ते मोजायचे मी सोडून दिले आहे. दादांना ते पाहवत नाही. ते शेतात जाऊन बसतात. फडके काढून ठेवावे असे मनात येते. पण मग तिच्या हिशेबी आई शेतात गेलेली असेल, आणि रोज संध्याकाळी ती दारात उभी राहील. आई परत येणार नाही, हे सांगणारी खुंटी वहिनींनी ठोकलीच नाही. एकदा मी या मुलीच्या तोंडून खोटे वदवले आहे. आता तिला नवे खोटे सांगायला हात धजत नाही.

आपणच सांगा, ते फडके मी खुंटीवर राहू देऊ, की काढून घेऊ?