दातांच्या खुणा

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत रामलिंगचं पेनांचं दुकान होतं. कडक काळ्या रबराचे पेन तो स्वतः खरादावर कातायचा. पुढं शिकवणीची पोरंसुद्धा बॉलपेनवर भागवू लागली आणि त्याचं काम आटलं. अशात हैदराबादच्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानं तंबाखू ओढायचे पाइप पाठवले. त्यांची तोंडात धरायची नळी त्याच रबराची असते. उजेडानं ती हिरवट-तपकिरी पडते, जिभेला कडू लागते. रामलिंगनं त्या नळ्या घासून काळ्याशार करून दिल्या आणि तेच त्याचं काम होऊन बसलं. स्वतः त्यानं कधी विडीही ओढली नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर बँकेत नोकरीला असलेली सुकन्या वडिलांचा पाइप घेऊन आली. वडील देवणीला गुरांचे डॉक्टर होते. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"आईला द्यायचाय, मामा. नव्यासारखा करा."

रामलिंगनं आठ दिवस जीव ओतला. नळीच्या टोकाशी दातांचे खोल खड्डे होते, डावीकडं जास्तच. हे रबर तापवलं की दबलेली जागा आपोआप वर येते. त्यानं टोक उकळत्या पाण्यात बुडवलं, काढलं, परत बुडवलं. खड्डे भरून आले. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, नंतर बारीक, शेवटी चकाकी आणायला कापडी बफाचं चाक. नळीत वरची ट्यूबलाइट दिसायला लागली तेव्हा तो थांबला.

न्यायला सुकन्या आईला, शरणम्मांना, घेऊन आली. त्यांनी पाइप हातात घेतला आणि टोकावरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"दात कुठं गेले?"

"भरून काढले, अम्मा. आता कळतबी न्हाई बघा," रामलिंग कौतुकानं म्हणाला, आणि मग त्याचं त्यांच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं.

"आई, मीच सांगितलं होतं त्यांना," सुकन्या घाबरून म्हणाली.

"असू दे." शरणम्मांनी पाइप पदरात गुंडाळला आणि त्या पायऱ्या उतरून गेल्या.

रामलिंगनं रात्री घरी सगळं सांगितलं. बायको अयोध्या म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम न्हाई. पण पुसलं मीच की."

चौथ्या दिवशी त्यानं देवणीची एसटी धरली. शरणम्मांच्या दारात तो उभाच राहिला. "अम्मा, आधी इचारायला पायजे होतं मी. चुकलं."

त्यांनी त्याला बसवलं, चहा दिला. मग त्या सांगू लागल्या.

"गाय अडली की ह्यांना बोलावणं यायचं. दोन्ही हात गुंतलेले, पाइप ठिवावं कुठं? इझलेलंच दातात धरायचे. वासरू लई अवघड असलं की दात आवळायचे. उजवीकडच्या दाढा काढल्या होत्या, म्हणून डावीकडं. घरी आले की मी पाइप बघायची. खूण खोल दिसली की जेवताना काहीच इचारायची न्हाई." त्यांनी फळीवरचा पाइप उचलला. "आता हात फिरवते, तर गुळगुळीत लागतं."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. दुपारच्या गाडीपर्यंत त्या एकेका गाईचं सांगत राहिल्या, कुणाची होती, कोणत्या गावची, आणि तो ऐकत बसला. निघताना त्यानं विचारलं, "हे सुकन्याताईला ठावं हाय का?"

"तिला कोण सांगणार? ती लहानपणापासून शाळेसाठी लातूरलाच."

"मंग सांगा की, अम्मा. मला सांगितलं तसं."

डॉक्टरांच्या वर्षाच्या कार्यक्रमाला शरणम्मांनी त्यालाही बोलावलं. जेवणं उरकल्यावर त्यांनी सुकन्याला शेजारी घेतलं आणि दातांच्या खुणांचं, एका अडलेल्या गाईचं सांगायला सुरुवात केली. अंगणात बसलेला सटवाजी नावाचा म्हातारा शेतकरी मध्येच म्हणाला, "ती गाय माझी होती. वासरू मेलेलंच निघालं. डॉक्टरसाब गोठ्यात भिताडाला टेकून बसले, पाइप तसंच दातात. मी पाणी दिलं तर घेईनात." मग दुसरा बोलला, मग चांगुणाबाई नावाची एक बाई. सुकन्या रडत होती, पण कुणाला थांबवत नव्हती. रामलिंग मागं खांबाशी बसून होता. त्याची लातूरची गाडी निघून गेली, तरी तो उठला नाही.