पेंटरची हिवरखेडला गेलेली पत्रं

पेंटरला कुठल्याही पक्षाची भिंत सारखीच. सकाळी राजापेठेत एका उमेदवाराचं नाव लिहायचा, दुपारी समोरच्या भिंतीवर त्याच्या विरोधकाचं. अक्षर दोघांचंही तेवढंच देखणं. कोण निवडून येणार, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "कोनीबी येवो, मांगून चुना मलेच मारा लागते."

माझं रंगांचं दुकान. सुरुवातीला डबे सायकलला बांधून विकले, मग हातगाडी, मग गाळा. मला कुणी काही सोडलं नाही, मीही भावात कुणाला सोडलं नाही. पेंटर रोज संध्याकाळी चहाला यायचा, ब्रश पुसत बसायचा. पेपर वाचून मी तावातावानं बोलायचो, तो "हो शेठ" म्हणायचा. याला स्वतःचं मतच नाही, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो.

मी नगरसेवकपदासाठी उभा राहिलो तेव्हा माझ्या भिंती त्यानंच रंगवल्या. मी विचारलं, "मत मलेच न?"

"शेठ, तुमच्या नावाचं एकबी अक्षर वाकडं नाही."

मी ते 'हो' समजलो. निवडणुकीत पडलो.

गेल्या वर्षी तो वारला. तेरवीला हिवरखेडचे गुरुजी आले, त्याचे शाळेपासूनचे मित्र. पिशवीत पत्रांचा गठ्ठा. मोबाइल आल्यावरही पेंटर त्यांना पत्रंच लिहायचा. गुरुजींनी काही वाचून दाखवली. कोण कुणाला कुणाविरुद्ध भडकवतो, कोणाचं नाव रंगवताना हात जड झाला, सगळं नावानिशी. त्यातच मी. "शेठ उभा आहे. माणूस माझा आहे, पण मत देणार नाही. रस्त्यावरच्या हातगाड्या उठवतो म्हणतो. स्वतः त्याच रस्त्यावर उभा होता."

माझं डोकं फिरलं. पेंटर तर गेलेला. गुरुजींवरच ओरडलो, "रोज माया दुकानात बसे तो. मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं भाऊ. दोनदा." गुरुजींनी पुढचं पत्र काढलं. "तुमी त्याले काय बोलले, तेबी लिवलं हाये. वाचू?"

मला खरंच काही आठवत नव्हतं. मी नको म्हणालो.

त्यांना हिवरखेडकडं जायला अकोटच्या गाडीत बसवून दिलं. तेव्हापासून दर रविवारी ते पत्र वाचायला हिवरखेडला जायचं ठरवतो. आंघोळ करून तयार होतो, आणि जाऊन दुकान उघडतो.