अण्णांचं बत्तीस बोअर

पुण्यात परवान्याची पिस्तुलं पुष्कळांकडे असतील. पण चोरांपासून पिस्तुलाचं रक्षण व्हावं म्हणून घराला तीन कुलपं लावणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझा थोरला साडू होता. सगळे त्यांना अण्णा म्हणत. शनिवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून त्यांनी धायरीला बंगली बांधली, तेव्हा आसपास नुसती ज्वारीची शेतं. अण्णा औषधं विकायला महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर, आणि अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकटी राहायला विलक्षण घाबरे. तिच्यासाठीच अण्णांनी परवाना काढला. पिस्तूल कपाटात असे आणि कपाटाची किल्ली अण्णांच्या जानव्याला, म्हणजे कधी सोलापुरात, कधी सांगलीत. तरी पिस्तूल आल्यापासून अक्काला गाढ झोप लागू लागली.

अण्णांचा स्वतःचा मात्र त्या हत्यारावर तिळमात्र विश्वास नव्हता. फौज वापरते ती काडतुसं साध्या नागरिकाला मिळत नाहीत, त्याच्या वाट्याला हे छोटं बत्तीस बोअर, याचं दुःख ते जेवणाच्या पंगतीतही उगाळत. "फौजेची गोळी माणसाला आडवं करते. आपली नुसती नाराज करते," असं ते भात कालवता कालवता सांगत. थंडीच्या दिवसांत चोर घोंगडी पांघरून आला, तर आधी ती काढून ठेवण्याची त्याला विनंती करावी लागेल, हेही ते गंभीरपणे बजावत. पण हे सगळं अक्का स्वयंपाकघरात असताना, आवाज खाली आणून.

परवान्यावर पंचवीस काडतुसं मिळाली होती. रिकामी टरफलं दाखवल्याशिवाय नवी मिळायची नाहीत, असं दुकानदाराने सांगितल्यामुळे अण्णांनी एकही उडवलं नाही. खंडेनवमीला मात्र पिस्तूल पाटावर येई, झेंडूची माळ घाले, आणि पंचवीसही काडतुसं पुढे उलटी मांडली जात. प्रत्येकाच्या बुडाला मध्यभागी एक बारकी गोल टिकली असते. कुंकवासाठी याहून सोयीची जागा कुठली? टिकावं म्हणून तेलात कालवलेलं कुंकू अक्का नेमकं तिथे लावी. निवडणूक जाहीर झाली की पिस्तूल पोलीस चौकीत जमा करावं लागे. त्या दिवशी अक्का पिशवी भरून आमच्याकडे येई आणि पिस्तूल सुटल्यावरच परत जाई. आम्हाला आचारसंहिता लागल्याचं वर्तमानपत्राआधी तिच्याकडून कळे.

निवृत्तीनंतर अण्णांना एकदा तरी नेम धरून पाहावासा वाटला. आम्ही दोघं नेमबाजीच्या मैदानावर गेलो. अण्णांनी देवाचं नाव घेऊन चाप ओढला. खट् झालं आणि पुढे काही नाही. दुसरं, तिसरं, पाचवं, सगळ्यांचं तेच. तिथल्या शिक्षकाने एक काडतूस उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "काका, हे लाल काय आहे?"

"कुंकू," अण्णा म्हणाले.

त्याने समजावलं, की त्या टिकलीवर घाव बसला की ठिणगी पडते, आणि तिथेच वर्षानुवर्षं तेल मुरलंय. आता ही काडतुसं देव्हाऱ्यातच बरी. अण्णांना हसू येईल असं मला वाटलं होतं. पण ते बाकावर बसून पाचही काडतुसं एकेक करून डबीत परत ठेवू लागले. शेवटी म्हणाले, "हिला सांगू नका. एवढी वर्षं ही त्या घरात एकटी निर्धास्त राहिली." मी शब्द दिला. नवी काडतुसं मागायला रिकामी टरफलं नव्हतीच, आणि अण्णा दुसऱ्या खटपटीतही पडले नाहीत. पुढच्या खंडेनवमीला तीच पंचवीस पुन्हा पाटावर मांडली गेली. या वेळी कुंकवाची वाटी अण्णांनी स्वतः अक्काच्या हातात दिली.

अण्णा गेले तेव्हा पिस्तूल सरकारजमा करावं लागलं. मी अक्काबरोबर चौकीवर गेलो. हवालदाराने काडतुसांची डबी उघडली, तशी ती काळजीने म्हणाली, "जपून हं. खरी आहेत ती." हवालदाराने त्या लाल टिकल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हळूच मान हलवली. तो भला माणूस होता. डबी दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "हो आजी, जपूनच ठेवतो."

मला अण्णांची फार आठवण आली. बाहेर पडल्यावर अक्काने पदर सावरला आणि म्हणाली, "चला भाऊजी, तुमच्याकडेच येते. लागली आचारसंहिता." पिशवी तिने घरून भरूनच आणली होती.