चित्रवाल्या लेखकाचं आधी कोणतं पुस्तक वाचावं?

लायब्ररीत बसणाऱ्या माणसाकडे किस्से फार जमतात. पुस्तकं निदान लोक घरी नेतात, किस्से इथंच ठेवून जातात! जबलपूरच्या आमच्या छोट्याशा मराठी लायब्ररीत मी दर रविवारी बसतो. इथले निम्मे किस्से एकाच लेखकाचे. लेणी, तोफा, किल्ले, जुनी चित्रं अशा विषयांवरची त्यांची सात सचित्र पुस्तकं आमच्याकडे आहेत. नवा वाचक हमखास विचारतो, "यांचं कुठून सुरू करू?"

*

लायब्ररीत माझ्यासोबत बसणाऱ्या कुंदाताई म्हणजे रिटायर्ड शिक्षिका. त्यांचं उत्तर ठरलेलं, "पहिल्यापासून, क्रमानं!" त्यांच्या धाकानं एका बँकवाल्यांनी लेण्यांवरचं जाडजूड पहिलं पुस्तक नेलं. चार महिने पत्ता नाही. ताईंनी घरी फोन केला, तर त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "आठ दिवस राहू द्या ना! त्याच्याखाली मुलीच्या प्रोजेक्टची झाडाची पानं वाळत ठेवली आहेत."

*

सिहोऱ्याहून एक टेलर मास्टर बसनं येतात. त्यांना जुन्या दरबारी चित्रांचं पुस्तक दिलं. परत आणलं तेव्हा स्वारी खूश!

"बावीस सरदार बसले आहेत, पण एकाचाही अंगरखा खांद्यावर बसलेला नाही. चित्रकार एक नंबर, दर्जी बेकार!"

*

बागडेकाका रिछाईच्या एका कारखान्यात फिटर होते. ते तोफांच्या पुस्तकापासून सुरू झाले आणि एका चित्रावर अडले.

"याच्या चाकाले खीळच नाही! पहिल्याच बारात चाक शहपुऱ्याले पोचते!"

त्यांनी थेट लेखकाला पत्र टाकलं. उत्तर आलं, "तुमचं बरोबर आहे, चूक माझी." काकांनी ते लॅमिनेट केलं. तेव्हापासून लेखक काकांच्या तोंडी 'आमचे लेखक' झाले.

*

काकांची नात रिया महिन्याभरात नोकरीसाठी हैदराबादला निघणार होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. काकांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता.

"जायच्या आधी तिनं आमच्या लेखकाचं एक तरी वाचलं पाहिजे. कोणतं देऊ?"

आम्ही सगळ्यांनी मिळून किल्ल्यांचं निवडलं. रियानं दहा मिनिटांत पानं उलटली. "हो गया आजोबा! फोटो बहुत सुंदर हैं!"

काकांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

*

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जुना चष्मा चालेना, नवा यायचा होता. काका म्हणाले, "रिया, मले दिसत नाही बेटा, तू वाचून दाखव."

पहिल्या दिवशी दोन पानांना अर्धा तास लागला. आठवड्याभरानं काका मला सांगतात कसे, "काल मी झोपलो, तर तिनं उठवलं! अन् मराठीत म्हणते, 'आजोबा, झोपू नका ना, तिकडे किल्ला शत्रूच्या हाती पडून राहिला!'"

*

परवा काका मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले. काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "भैया, चश्मा जरा आराम से बनाना. कोई जल्दी नहीं है."

दुकानदार हसायला लागला.

"अंकल, चश्मा तो कब का बन गया! आपकी पोती मना करके गई है. बोली, किताब खतम होने तक देना मत!"