आत्याच्या साडीवरचा पिक्चर

आज ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासोबत आत्याची पांढरी साडी हाती आली. पौर्णिमेला वंदनेसाठी ती हीच नेसायची. मी थेट लहानपणीच्या, मुकुंदवाडीच्या विहारातल्या त्या दुपारी जाऊन पोहोचलो.

खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या, भिंतीवर हीच साडी पडदा म्हणून ताणली होती. चित्रं हलायला लागली, तरी आवाज येईना.

"मशीन बिघडलं वाटतं," मागून कुणीतरी कुरकुरलं.

मशीनवाला म्हणाला, "बिघडलं नाय. पिक्चरच मुका हाय."

आत्याला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. चारचौघांत ती आधी आमची तोंडं बघायची, आम्ही हसलो की मग हसायची. पडद्यावर खांद्यावर शिडी घेतलेला लठ्ठ हवालदार गर्रकन वळला आणि तिघं आडवे झाले. आम्ही अजून आवाजाचीच वाट बघत होतो, तोवर आत्या खदखदून हसली. अख्खं विहार तिच्याकडं वळलं. पुढचा तासभर कधी हसायचं, ते आत्यानंच ठरवलं.

साडी हातात तशीच होती, मला राहवेना. लेकीला हाक मारली, मोबाइलवर तसलाच एक जुना पिक्चर लावला. त्याला कुणीतरी नवं संगीत जोडलं होतं. मी आवाज पूर्ण बंद केला.

"हं, आता बघ."