पूर्णेकर घराण्याचे दादा

माझ्या धाकट्या दिराला, भुजंगला, शंभरावर भाऊबहिणी आहेत, डझनभर आत्या आहेत, दोन मामा आहेत आणि बायको नाही. यातलं शेवटचं तेवढंच खरं, असं मी चिडले की त्याला ऐकवते. तो हसतो. पूर्वी जास्त हसायचा.

जाफराबादला बसस्टँडच्या अलीकडे त्याचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती गाडीवर टाकून त्याच्याकडे आणतात आणि हा तिच्यात नवी तांब्याची तार भरून देतो. हाताला गुण आहे, व्यसन सुपारीचंसुद्धा नाही, स्वभाव गरीब. पण वय पस्तिशीकडे चाललं तरी लग्न जमेना. मुलींच्या बापांना जावई नोकरीवाला पाहिजे, नाहीतर पुण्याचा पाहिजे. मी आणि माझे मालक भारत त्याला घेऊन इतक्या घरांत पोहे खाऊन आलो की, कोणत्या तालुक्यात शेंगदाणे जास्त घालतात ते मी आता झोपेत सांगीन.

मोटरीला वार्निश लावलं की ते सुकेपर्यंत बसून राहावं लागतं. त्या रिकाम्या वेळात त्याला मोबाइलवरच्या खेळाचा नाद लागला. खेळ म्हणजे त्यात एक अख्खं शहर आहे. जगभरातून माणसं तिथं येतात, प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगातच जगायचं. कोणी पोलीस होतो, कोणी गुंड, कोणी चहाची टपरी टाकतो. याला ते लोक रोलप्ले म्हणतात. तिथं माणसं टोळ्या करतात आणि त्या टोळीला म्हणतात फॅमिली. भुजंगला ते ऐकूनच हसू आलं.

"फॅमिली म्हनतात वैनी, आन् कोन कोनाचा काय लागतो तेच कोनाला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "एकाला बाप न्हाई, एकाला काका न्हाई. नुसती बंदूक घेऊन फिरून राह्यले."

मग यानं स्वतःचं घराणं काढलं. आमच्याकडे जीपमध्ये दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की पुढचं गाव यायच्या आत त्यांचं नातं निघतं. तुमचं आजोळ कुठलं, मग तुमची मावशी आमच्या चुलतभावाची साली, म्हणजे तुम्ही आमचे भाचे. भुजंगनं तीच रीत खेळात नेली. घराण्याला आडनाव दिलं पूर्णेकर, आमच्या पूर्णा नदीवरून. नवं माणूस आलं की त्याला थेट आत घ्यायचं नाही. आधी ओसरीवर बसवायचं, आतल्या कोणीतरी त्याची हमी द्यायची, मग तो कोणाचा मुलगा, कोणाचा पुतण्या हे सगळ्यांसमोर ठरायचं आणि बारसं व्हायचं. खेळ सोडून कोणी कायमचा गेला की घराणं सुतक पाळायचं, तेवढे दिवस कोणी हत्याराला हात लावायचा नाही. भांडण झालं तर निवाडा घरात. नांदेडच्या एका आत्याबाईंना बारशाचं बोलावणं उशिरा गेलं, तर त्या फुगून बसल्या. खऱ्या आयुष्यात ती बाई बी.एस्सी.ला आहे! यानं लुगडं-चोळीचा मान पाठवला तेव्हा कुठे परतल्या. ते लुगडंही मोबाइलमधलंच.

आणि या घराण्याचा कर्ता, दादा, कोण? आमचा भुजंग. घरात त्याला कोणी भाजी कोणती करू असं विचारत नाही. तिथं त्याच्या शब्दावाचून पान हलत नव्हतं.

पण एका गोष्टीचं मला कौतुक होतं आणि आजही आहे. त्या शहरात मुली आल्या की पुरुष त्यांच्या मागे लागायचे, घाणेरडं काहीबाही लिहायचे. भुजंगनं नियम केला: पूर्णेकर घराण्यात यायचं तर मुलीनं पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर दादाला राखी बांधायची. मग ती सगळ्या घराण्याची बहीण. कूळ एक म्हणून घराण्यात आपसात सोयरीक नाही, खेळातही नाही आणि बाहेरही नाही. जो वाकडं वागेल तो बाहेर. मुली भराभर आल्या. त्यांच्या बापांनी शंका घेतली तर भुजंग स्वतःचा नंबर द्यायचा. एकदा मी समोर भाजी निवडत बसले होते तेव्हा असाच कोणा बापाचा फोन आला.

"मी जाफराबादचा भुजंग, मोटरी भरतो," हा सांगत होता. "तुमची पोरगी माझी बहीन हाय. बिलकुल फिकीर करू नका. काही झालं तर माझा कान धरा."

राखीपौर्णिमेला टपालानं खऱ्या राख्या यायला लागल्या. आपल्या हातानं आपल्याला राखी बांधता येत नाही, म्हणून त्या सगळ्या मी बांधायच्या. मनगटापासून कोपरापर्यंत हात भरायचा. सासूबाई म्हणायच्या, "याच्या हातावर आता बाशिंगाची जागा राह्यली न्हाई." बाशिंग कपाळाला बांधतात हे कळण्याइतक्या त्या शहाण्या आहेत, पण वैतागलेल्या होत्या.

त्या घराण्यात धर्मराज नावाचा परभणीचा मुलगा होता आणि ज्योत्स्ना नावाची नगरकडची मुलगी. दोघांचं एकमेकांवर मन बसलं. त्यांनी चोरून काही केलं नाही, सरळ दादाकडे आले आणि म्हणाले, आम्हाला मोकळं करा, आम्हाला लग्न करायचंय. खरं लग्न. भुजंगनं सगळं घराणं बसवलं आणि दोघांना बाहेर काढलं. "राखी बांधल्यावर मागं फिरता येत न्हाई," असा निवाडा दिला. शंभर जणांनी त्याची वाहवा केली. मी म्हटलं, "भाऊजी, खेळ आहे तो." तर म्हणाला, "वैनी, बाप लोकांना मी शब्द दिला तो काय खेळ होता?" त्याचं म्हणणं खरं होतं. कधीकधी खऱ्या बोलण्याचाच मला राग येतो.

त्यानंतर मीना आली. तीर्थपुरीची, शिवणक्लास चालवणारी. तिनंही पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे खेळात राखी बांधली, कारण त्याशिवाय दारातून आत घेतच नव्हते. मग तिनं घराण्याच्या बायांना खेळात नेसायला नऊवारी साड्यांची नक्षी काढून दिली, बारशांचं सगळं अंगावर घेतलं, रुसलेल्यांना समजावलं. हळूहळू दादाचं पान तिच्यावाचून हलेना. आधी लिहून बोलणं, मग कामापुरते फोन, मग काम नसताना फोन. हा रोज दाढी करायला लागला. वार्निशच्या वासाचा शर्ट बदलून जेवायला बसायला लागला. घरातल्या बाईला एवढं पुरतं.

पौर्णिमेला तिचीही राखी आली, इतर मुलींसारखीच. मी बांधायला घेतली तर यानं हात जरासा मागे घेतला, मग पुन्हा पुढे केला. मी बांधली.

आणि त्याच दिवाळीनंतर रखमाजी आमच्या घरी आले. रखमाजी म्हणजे आमच्याकडचे सोयरीक जुळवणारे. त्यांनी पिशवीतून मुलीचा बायोडाटा काढला. तीर्थपुरीचे अप्पाराव यांची मुलगी, सगळ्या बहिणीच, भाऊ नाही, बापाला मुलगा कष्टाळू पाहिजे, नोकरीची अट नाही. फोटो पाहून भारत खूश, सासूबाई तर देवापुढे साखर ठेवून आल्या. फोटो भुजंगच्या हातात गेला आणि त्याचं तोंडच उतरलं. मला लगेच उमगलं. ती मीना होती.

मला खरं सांगायचं तर नाचावंसं वाटलं. इतकी वर्षं जे दार आम्ही ठोठावत होतो ते आपणहून उघडलं होतं, आणि आत तीच मुलगी उभी होती जिच्यावर याचा जीव होता. सगळे उठून गेल्यावर मी त्याला धरलं.

"भाऊजी, आता काय अडचण आहे? बाप राजी, जात-कूळ बराबर, मुलगी मनातली."

"वैनी, तिची राखी माझ्या हातावर तुम्हीच बांधली."

"मी बांधली तशी मीच सोडते. आण हात."

तो हसला नाही. "धर्मराजला काय सांगू? आन् ते सोडा. उद्या समद्यांना कळंल का दादानं राखीच्या बहिनीशी लगन केलं. एकएक बाप म्हनंल, हे समदं पोरी पटवायचंच सोंग होतं. दुसऱ्या दिवशी पोरींचे मोबाइल काढून घेतील. कोन्या पोरीला मार बसंल. मी शब्द दिल्ता, वैनी."

मी त्याला न विचारता मीनाला फोन केला. ती म्हणाली, "वैनी, मला त्या घरात यायला राखीवाचून दुसरा रस्ताच नव्हता. आधी म्हाईत असतं तर मी बाहीरच राह्यले असते. रखमाजींना तुमच्या घरचं नाव मीच सुचवलं, आमच्या आईकडून. वाटलं, असं रीतीनं आलं तर ते न्हाई म्हननार न्हाईत."

"मग तू सांग त्यांना."

"सांगून पाह्यलं. ते रडले. पन न्हाईच म्हन्ले."

त्यानं नकार कळवला. कारणही लपवलं नाही. मुलगी मला बहिणीच्या जागी आहे, असं रखमाजींना सरळ सांगितलं. मी कोणावर चिडू ते मला कळेना. त्याच्यावर चिडावं तर तो खोटं वागत नव्हता. नियमावर चिडावं तर त्या नियमाच्या आडोशाला कितीतरी मुली निर्धास्त होत्या. मी भारतला म्हटलं, तुमच्या भावानं एवढं भक्कम घर बांधलं की त्याला स्वतःला बाहेर पडायला खिडकी ठेवली नाही. भारत म्हणाले, दुसरी मुलगी बघू. पुरुषांना सगळ्यावर हाच उपाय सुचतो.

उन्हाळ्यात अप्पाराव स्वतः आमच्याकडे आले, हातात पत्रिका आणि कुंकवाचा करंडा. मीनाचं अंबडला जमलं होतं. पाणी पिऊन त्यांनी भुजंगचे दोन्ही हात धरले.

"तुमच्यासारखा मानूस मी पाह्यला न्हाई," ते म्हणाले. "सोयरीक चालून आल्ती, तरी राखीला जागलात. माझ्या लेकीला भाऊ न्हाई. लग्नात भाऊ म्हनून तुम्हीच उभं राह्यचं. न्हाई म्हनू नका."

त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि जे माहीत होतं त्याचा त्यांना अभिमान होता. भुजंग कसा नाही म्हणणार? तो म्हणाला, "येतो, अप्पा."

तीर्थपुरीच्या त्या मांडवात पूर्णेकर घराणं पहिल्यांदा एकमेकांना डोळ्यांनी भेटलं. नांदेडची आत्याबाई जीन्स घालून आली होती आणि मिशा फुटलेला एक मुलगा तिच्या पाया पडत होता. दोन्ही मामा कॉलेजातले होते. मुलींचे बापही आले होते, दादा कोण ते बघायला. जो तो भुजंगला हात जोडत होता. हा नवा शर्ट घालून सगळ्यांना वाढत होता, पाण्याचे जार उचलत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, कारण बघितलं असतं तर मी तिथंच रडले असते आणि नवरीकडची बाई समजून लोकांनी मला खुर्ची दिली असती.

अक्षता पडल्या. मग भटजींनी हाक मारली, "नवरीचा भाऊ कोण? कानपिळीला या."

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढं बजावायचं, कान पिळायचा, नवरदेवाच्या बापानं भावाला टॉवेल-टोपी द्यायची, लोकांनी हसायचं. घराण्यानं भुजंगला पुढे ढकललं. "दादा! दादा!" असा गजर झाला. सगळ्यांचे मोबाइल वर होते.

भुजंगनं नवरदेवाचा उजवा कान धरला आणि पिळला. मंडप हसला. नवरदेवही हसला. व्याह्यांनी टॉवेल-टोपी पुढे केली. पण याचा हात निघेना. तो रागानं पिळत नव्हता, नुसता धरून उभा होता आणि नजर खाली होती. हसणं हळूहळू थांबलं. नवरदेव अवघडून म्हणाला, "मेहुणे, सोडा आता." तरी हात तिथंच. भारत उठून पुढे जायला लागले.

तेवढ्यात मुंडावळ्यांच्या आडून मीना म्हणाली, "दादा, सोडा."

त्यानं लगेच सोडला. टॉवेल-टोपी घेतली, भटजींच्या पाया पडला, आणि लोक पुन्हा हसले.

परतताना जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता. अंबड मागे पडलं तेव्हा म्हणाला, "वैनी, समद्या पोरी मला दादा म्हनायच्या. ती कवाच म्हनत न्हवती. आज म्हन्ली."

त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. घराण्यातले सगळे विचारत होते, दादा, पोचलात का? दादा, निघालात का? त्यानं फोन काढला आणि एकेकाला उत्तर द्यायला लागला.