म्हैस आटेपर्यंत

गगनबावड्याच्या रस्त्यावर आमचं गाव. दसऱ्याच्या सुमारास म्हैस व्याली आणि थोड्याच दिवसांत आई तिला पाण्यावर नेत असताना मागून ट्रॅक्टरनं हॉर्न दिला. म्हैस उधळली. दावं आईच्या मनगटाला गुंडाळलेलं होतं, खांदा हिसकला गेला. दावं हाताला गुंडाळू नये हे गावात सगळ्यांना माहीत, आणि गुंडाळतात सगळेच.

शेकलं, तेल लावलं, तरी उजवा हात वर जाईना. मी लग्न होऊन आजऱ्याला गेलेली. कळल्यावर आले आणि आईवडिलांना घेऊन कोल्हापूरला डॉक्टरकडं गेले. हाड धड होतं, पण खांद्यातली शीर हाडापासून तुटली होती.

"मावशी, आत्ता जखम ताजी आहे, शिवता येईल," डॉक्टर म्हणाले. "थांबलात तर शीर आखडत मागं जाते. मग ओढूनही जागेवर येत नाही."

पण ऑपरेशननंतर हात गळ्यात बांधायचा आणि पुढं कित्येक महिने त्यावर जोर द्यायचा नाही. इथंच घोडं अडलं. म्हैस आईशिवाय कुणालाच पान्हा सोडत नव्हती. वडील खाली बसले की लाथ, वहिनी बसली की लाथ. आणि धार काढायला हात वर न्यावा लागत नाही, तो गुडघ्यापाशीच असतो. आई ओठ दाबून काढायची.

"धार निघतीया न्हवं? मग झालं की," वडील म्हणाले. "म्हस आटू दे, मग बघू."

"व्हय, आटू दे," आईनंही मान डोलावली.

मी भांडभांड भांडले. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण म्हणून हात द्यायचा? मला त्या दोघांचा राग आजही येतो, आणि आईचा जास्त येतो.

पुढच्या पावसाळ्यात म्हैस आटली. आम्ही पुन्हा त्याच डॉक्टरांकडं गेलो. नवा फोटो त्यांनी बराच वेळ उजेडात धरला. शीर पार मागं सरकली होती, मांस वाळून त्याची चरबी झाली होती. शिवायला धरावं असं काही उरलं नव्हतं.

"मग कवा याया पायजे हुतं?" वडिलांनी विचारलं.

"आला होतात की. तेव्हाच."



त्यानंतर आईचे केस वहिनी बांधायची. कुंकू मात्र ती स्वतःच लावी. डाव्या हातानं लावायचं नाही आणि उजवा कपाळापर्यंत पोचत नाही, म्हणून मान खाली घालून कपाळच बोटाशी न्यायची. मला ते बघवत नसे.

म्हैस पुन्हा व्याली. आई तिच्याखाली बसली आणि धार पहिल्यासारखी निघाली. दारात उभे असलेले वडील हरखून म्हणाले, "बघ, हात हाय की चांगला!"

आई धार काढत राहिली. घराला तिचा तेवढाच हात लागत होता.